लेक ऑन्टारियोच्या धक्क्यावर सारखा गळाला लागणारा हा बुटका मासा कुठला? मारायचा, खायचा की परत सोडायचा?

लेकशोअरवासी

नमस्कार मंडळी,

कॅनडात मिसिसागाला राहतो. या उन्हाळ्यात लेकाला मासे पकडायचं वेड लागलंय म्हणून पोर्ट क्रेडिटच्या धक्क्यावर जायला लागलो, माझं लायसन काढलंय (तो अठराच्या आतला, त्याला लागत नाही). दोन साधे रॉड, गांडुळांचा डबा, तळाला टेकवायला शिसं, एवढाच संसार. आशा अशी की पर्च मिळतील, घरी आणून रवा लावून तळू.

पण पर्च राहिले बाजूला, एकच एक मासा गळाला लागतोय. गळ तळाला टेकतो न टेकतो तोच टुकटुक सुरू, वर काढावा तर हाच. बोटभर ते वीतभर लांबी, मातकट करडा रंग आणि अंगावर गडद डाग, डोकं अंगाच्या मानाने मोठं, डोळे बेडकासारखे वर आलेले, ओठ जाड. पाठीवरच्या पुढच्या पराला एक काळा ठिपका आहे तो अगदी ठसठशीत दिसतो. हातात धरला तर बुळबुळीत लागतो आणि बऱ्याचदा गळ पार घशात गेलेला असतो, तो काढता काढता जीव जातो (माशाचा आणि माझाही).

आता खरा प्रॉब्लेम. मागच्या वेळी लेकानं एक परत पाण्यात सोडला तर शेजारी गळ टाकून बसलेला माणूस एकदम ओरडला, हे सोडायचे नसतात, मारायचे. आणि स्वतःला लागलेला त्यानं बुटाखाली चिरडून दाखवला. पोरगं रडायला लागलं. त्याच धक्क्यावर एक युक्रेनियन आजी येतात, त्या मात्र हेच मासे लोकांकडून आनंदानं मागून घेतात आणि घरी नेऊन तळतात म्हणे. एक मारायला सांगतो, एक खायला मागते, आणि आमचे चिरंजीव म्हणतात बाबा आपण दोन घरी नेऊन टाकीत पाळू या का.

तर जाणकारांनी सांगावं हा मासा कुठला, इतका वैताग का लोकांना याचा, खाल्ला तर चालतो का, आणि टाकीत ठेवला तर काय बिघडतं. गूगल केलं पण त्यात नुसती सरकारी पत्रकं येतात, आपल्या माणसांकडून ऐकायचंय.

बासमॅन_विंडसर

राउंड गोबी. शंका नको, ठिपक्यावरूनच कळलं. तरी खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी मासा उलटा करून पोट बघ. छातीखाली दोन वेगळे पर असायला हवेत तिथं गोबीला दोन्ही जुळून एकच गोल वाटी झालेली असते, तिनं तो दगडाला चिकटून बसतो. हे बघणं महत्त्वाचं आहे कारण इथला स्थानिक स्कल्पिन नावाचा मासा वरून बराचसा असाच दिसतो, तसाच मोठ्या डोक्याचा तळाला बसणारा, पण त्याचे खालचे पर दोन सुटे असतात आणि अंगाला खवले नसतात. लोक घाईघाईत गोबी समजून त्या बिचाऱ्याला मारतात. आधीच त्याची संख्या गोबीनं पार घटवलीय, वर आपण.

टाकीचा विचार डोक्यातून काढून टाक. ऑन्टारियो प्रांतात जिवंत गोबी जवळ बाळगणं, एका जागेवरून दुसरीकडे नेणं, आमिष म्हणून गळाला लावणं, सगळं बेकायदा आहे. बादलीत पाणी घालून जिवंत ठेवलास आणि नेमका कॉन्झर्वेशन ऑफिसर (मासेमारीचे नियम तपासणारा सरकारी माणूस) आला तर लेकाची हौस महागात पडेल. सरकारचं म्हणणं सरळ आहे, लागला तर मारा, पाण्यात परत टाकू नका. बुटाखाली चिरडायची मात्र काय गरज नाय. छोटी लाकडी दांडी ठेव सोबत, डोक्यावर एकच नेमका टोला, डोळ्यांच्या थोडं मागे, काम तमाम. मग पिशवीत आणि कचऱ्यात.

मी विंडसरला आहे, डेट्रॉइट नदी आणि लेक सेंट क्लेअर दोन्हीकडे मासेमारी करतो. याची इथली सुरुवात आमच्याकडूनच बरं का. सेंट क्लेअर नदीत १९९० साली हा पहिल्यांदा सापडला आणि दहा वर्षं व्हायच्या आत पाचही ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे लेक ऑन्टारियोसकट इथल्या पाचही मोठ्या तळ्यांत पोचला. त्यामुळे पोर्ट क्रेडिटला तळाला गळ टाकलास की गोबी लागणार हे ठरलेलंच.

क्लीवलंडची_काकू

बासमॅन यांना +१. मी लेक इरीच्या अमेरिकन बाजूला, पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पात नोकरी करते, मासेमारी करत नाही पण या माशाशी आणि मुख्य म्हणजे त्याच्या आधी आलेल्या पाहुण्यांशी रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबण लागली तर माफ करा.

गोबी मूळचा काळ्या समुद्राचा आणि कास्पियन समुद्राचा. तिथून इथं तो पोहत आलेला नाही. मालवाहू जहाज रिकामं निघालं की तोल राहावा म्हणून पोटातल्या टाक्यांत बंदरातलंच पाणी भरून घेतं आणि पलीकडे जाऊन माल चढवताना ते पाणी सोडून देतं. त्या पाण्यात जे काही अंडी-पिल्लं-किडे असतील ते फुकटात समुद्र ओलांडतात. १९५९ साली सेंट लॉरेन्स सीवे, म्हणजे अटलांटिकपासून ग्रेट लेक्सपर्यंतचा जहाजांचा मार्ग उघडला आणि मोठी जहाजं थेट डुलूथ-शिकागोपर्यंत यायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. गंमत अशी की ज्या १९९० साली इथं सापडला त्याच साली पोलंडला ग्दान्स्कच्या आखातातही हा पहिल्यांदा दिसला. म्हणजे दोन्ही बाजूंना एकदमच फुटला.

पण हा इथं इतका माजला त्याचं कारण त्याचे गाववाले आधीच येऊन बसले होते. झेब्रा मसल म्हणजे त्या नखाएवढ्या पट्टेवाल्या शिंपल्या, त्याही त्याच भागातल्या, १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्ये सापडल्या. मागोमाग क्वागा मसल आल्या. त्यांनी आमच्या धंद्याचं काय केलं ते सांगायला लागले तर वेगळा धागा लागेल. १९८९ मध्ये मिशिगनमधल्या मन्रो गावाचा पाणीपुरवठा या शिंपल्यांनी बंद पाडला होता, तळ्यातून पाणी ओढणाऱ्या पाइपचं तोंडच बुजलं. आजही आम्ही त्या पाइपात क्लोरीन सोडतो तो या बयांसाठी.

आता इथल्या बहुतेक माशांना या शिंपल्या फोडता येत नव्हत्या, आणि गोबीच्या घशात चपटे दाढांसारखे दात असतात, तो त्या कडाकडा फोडून खातो. मोठा गोबी दिवसाला पाऊणशेपर्यंत शिंपल्या खातो असं म्हणतात. म्हणजे नव्या गावात आला आणि बघतो तर माहेरचंच जेवण मांडून ठेवलेलं. वर सवयी कशा, तर मादी एप्रिल ते सप्टेंबर पुन्हा पुन्हा अंडी घालते, दगडाच्या खालच्या अंगाला, छताला चिकटवल्यासारखी. आणि राखण करतो नर. त्या दिवसांत तो काळाकुट्ट होतो आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. एकेका घरट्यात हजारो अंडी, अनेक माद्यांची. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात यांच्यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे, त्यांना दोन तऱ्हेचे नर सापडले. एक हा राखणदार, आणि दुसरा छोटा, मादीसारखा दिसणारा, जो गुपचूप घरट्यात शिरून आपलं काम उरकून पसार होतो. (यावर आमच्या हाफिसात काय काय विनोद झाले ते इथं लिहीत नाही.)

मग लोकांना वैताग का? एक तर हा इतर माशांची अंडी खातो, लेक ट्राउटची, बासची, स्टर्जनची. दुसरं, दगडाखालच्या जागा बळकावतो, स्कल्पिनचं वर आलंच आहे. आणि तिसरं सगळ्यात वाईट, ते म्हणजे पक्षी. ही साखळी नीट समजून घ्या. शिंपल्या पाणी गाळून गाळून नितळ करतात. नितळ पाण्यात ऊन खोल जातं, मग तळाला शेवाळ माजतं. ते तुटून कुजलं की तिथला प्राणवायू संपतो आणि तशा जागी बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात. ते विष तळातल्या किड्यांतून-शिंपल्यांतून गोबीत येतं, विषानं लुळा पडलेला गोबी पकडायला सोपा, आणि तो खाऊन पक्षी मरतात. लेक इरीला १९९९ पासून हे दरवर्षीसारखं व्हायला लागलं. लून (पाण्यात बुडी मारून मासे पकडणारे पक्षी), मर्गान्सर बदकं, कुरव, किनाऱ्यावर रांगेनं पडलेले. लेक मिशिगनला २००६-०७ मध्ये स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या वाळूवर तेच. लून मान टाकून पाण्यात बुडतो, कारण विषानं मानेचे स्नायू जातात. मी एकदाच बघितलाय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

पण आता उलटी बाजू ऐका, नाहीतर वाटेल काकू नुसती शिव्याच घालतेय. लेक इरीच्या पश्चिमेकडच्या बेटांवर एक पाणसाप असतो, आपल्या दिवडासारखाच बिनविषारी. माणसांनी मारून मारून तो इतका कमी झाला होता की १९९९ साली सरकारी धोक्याच्या यादीत गेला. तोवर गोबीही आला होता. सापांना घरबसल्या खाऊ मिळाला, आज त्यांच्या जेवणात नव्वद टक्क्यांच्या वर गोबीच असतो, पोरं भराभर वाढायला लागली, आणि २०११ मध्ये तो साप यादीतून बाहेर निघाला. लोकांनी मारणं थांबवलं, जागा राखल्या, हे आहेच, पण जेवण गोबीनं पुरवलं. पाणकावळेसुद्धा आता मुख्यत्वे यावरच जगतात. तेव्हा हा मासा नुसताच खलनायक आहे असं मला तरी म्हणता येत नाही. आला तो चुकीच्या मार्गानं, केलं ते बरंच नुकसान, आणि आता अर्धं तळं त्याच्यावर जेवतंय.

सरळसोट

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे पण माझा प्रश्न वेगळा. काकू म्हणतात अर्धं तळं यावर जेवतंय, बासमॅन म्हणतात मारा. मग धक्क्यावर बसून एका पोरानं दोन-चार गोबी मारल्यानं लेक ऑन्टारियोला फरक काय पडणार आहे?? कोट्यवधी असतील पाण्यात. माशानं काय तिकीट काढून जहाजात बसायचं ठरवलं नव्हतं. जहाज कंपन्यांनी घाण पाणी सोडलं, सरकारं तीस वर्षं झोपली, आणि शिक्षा कुणाला तर वीतभर माशाला, तीही एका लहान मुलाच्या हातून. नियम आहे म्हणून पाळा हे ठीक, पण त्याला पर्यावरणरक्षण वगैरे नाव देऊ नका. मी तर म्हणतो तळाला गळच टाकू नका, लागणारच नाही.

(हलकेच घ्या, भांडायला आलो नाहीये.)

बासमॅन_विंडसर

@सरळसोट, तुमचं अर्धं बरोबर आहे. धक्क्यावर मारलेल्या गोबीनं लेक ऑन्टारियोत काहीच फरक पडत नाही, हे मीही मानतो. इथून तो आता जाणार नाही, कुणाच्या बापाला काढता येणार नाही. हिवाळ्यात शंभर मीटरच्या खाली जाऊन बसतो, काय करणार त्याचं.

पण नियमाचा खरा मुद्दा तळं नाहीच आहे. मुद्दा बादलीचा आहे. सोडायची मुभा दिली की लोक जिवंत ठेवतात, जिवंत ठेवला की आमिष म्हणून पुढच्या वीकेंडला वरच्या एखाद्या तळ्यावर नेतात, आणि संध्याकाळी उरलेली बादली तिथंच ओततात. लेक सिमको बघा. ग्रेट लेक्सपासून सुटं तळं, मध्ये ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाचे केवढे लॉक (बोटी चढवायचे-उतरवायचे पाण्याचे दरवाजे). २००४ मध्ये त्याला मिळणाऱ्या पेफरलॉ ब्रूक ओढ्यात गोबी सापडला. आता तो तिथं एकटा चालत तर गेला नव्हता. सरकारनं २००५ मध्ये ओढ्यात रोटेनोन सोडलं, ते झाडाच्या मुळांतून काढतात, माशांचा श्वास कोंडतो त्यानं. ओढ्यातला त्या पट्ट्यातला सगळाच मासा गेला, गोबीसकट बाकीचेही. आणि एवढं करून पुढच्याच वर्षी गोबी परत हजर. आज सिमकोत भरपूर आहे. शिकागोला तर गोबी मिसिसिपीकडे जाऊ नये म्हणून कालव्यात विजेचा अडथळा बांधायला घेतला, तो २००२ मध्ये सुरू झाला तेव्हा हे महाराज आधीच खाली उतरून गेले होते. तो अडथळा आता एशियन कार्प या दुसऱ्या परक्या माशाला अडवायला वापरतात. न्यूयॉर्कच्या इरी कालव्यातून सरकत सरकत २०२१ मध्ये हडसन नदीतही पोचला. म्हणजे जिथं आहे तिथून काढणं जमत नाही, जिथं नाही तिथं पोचू न देणं एवढंच हातात आहे. म्हणून जिवंत न्यायचा नाही. लेकाला मारायचं सांगू नका, तुम्ही मारा, त्याला कारण सांगा. माझी पोरगी आठ वर्षांची आहे, तिला हे बादलीचं पटकन कळलं.

आणि जहाजांचं म्हणाल तर सरकारं झोपली होती हे खरं, पण उठलीसुद्धा. अटलांटिक ओलांडून येणाऱ्या जहाजांनी टाक्या भर समुद्रात खाऱ्या पाण्यानं धुवून यायचं, रिकाम्या म्हणून नोंदवलेल्या टाक्यासुद्धा, हे आधी कॅनडानं २००६ ला आणि मग सीवेवर २००८ पासून सक्तीचं झालं. गोड्या पाण्यातले जीव खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. तेव्हापासून जहाजातून नवा पाहुणा यायचं प्रमाण खूपच उतरलंय. हेच वीस वर्षं आधी केलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

बाय द वे, आम्हा बासवाल्यांची याबाबतीत पंचाईत आहे. स्मॉलमाउथ बास गोबी खाऊन असले पोसलेत की विचारू नका. लेक इरीत २०२२ मध्ये ऑन्टारियोच्या बाजूला दहा पौंडांच्या वरचा निघाला, पूर्वी पाच पौंडाचा मिळाला तरी आम्ही वर्षभर फोटो दाखवत फिरायचो. आमच्या डब्यातले निम्मे रबरी मासे आता गोबीच्या रंगाचे असतात. आणि दुसरीकडे, वसंतात बासचा नर घरट्यावर बसलेला असतो त्याला कुणी गळानं उचलला की दोन मिनिटांत आजूबाजूचे गोबी अंड्यांवर तुटून पडतात. मी पाण्याखाली कॅमेरा सोडून पाहिलंय. नर परत सोडला तरी तोवर घरटं अर्धं साफ. म्हणून त्या दिवसांत घरट्यावरचा बास पकडू नका हे मी सगळ्यांना सांगत फिरतो, बरेच जण ऐकत नाहीत, फोटो हवा असतो.

निवटीप्रेमी

अलिबागकडचा आहे, ग्रेट लेक्स नकाशात पाहिलेत तेवढेच. पण वर्णन वाचून म्हटलं अरे हा तर आपल्या निवटीच्या भावकीतला! निवट्या गोबीच्याच गटातल्या. डोळे तसेच डोक्यावर, आणि पोटाखाली तीच चिकटायची वाटी, तिच्यावर तर त्या तिवरांच्या मुळांवर चढून बसतात. फरक एवढाच की निवटी ओहोटीला चिखलावर सरपटत फिरते, तुमचा गोबी पाण्यातच राहतो.

खायचं विचारलंय म्हणून सांगतो. निवट्या बुळबुळीत असतात, आमच्याकडे राखेत नाहीतर जाड्या मिठात चोळून दोन-तीन पाण्यातनं काढतात, डोकं काढून टाकायचं, मग आलं-लसूण-कोथिंबीर वाटून, आगरी मसाला, चिंचेचा कोळ, अंगाबरोबर रस्सा. ज्याला मिळाल्या त्यानं सोडू नयेत. तुमच्या गोबीलाही हीच रीत लागू पडावी असं वाटतं, मांस त्याच जातीचं पांढरं असणार. आणि त्या युक्रेनियन आजींचं काय नवल नाही हो, त्यांच्याकडे अझॉव्ह समुद्रावर हाच मासा लोकांचं पोट भरत आलाय. टोमॅटोच्या रसात डबाबंद करून विकतात, बिचकी म्हणतात त्याला, आणि बेर्द्यान्स्क गावात तर पोशिंदा गोबी म्हणून याचा पुतळा उभा केलाय. एका गावात पुतळा, दुसऱ्या गावात बुटाखाली!

आणि परक्या माशाचं आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. उजनीची चिलापी घ्या. तिलापिया १९५२ मध्ये आफ्रिकेतला म्हणून भारतात आणला, आज भिगवणला जाऊन चिलापी फ्राय न खाता परत येणारा माणूस दाखवा. मरळ-वाम कमी झाली म्हणून जुने मच्छीमार हळहळतात आणि त्यांचीच पोरं चिलापीवर घर चालवतात. आता त्यात भर म्हणून शोभेच्या टाकीतनं कुणीतरी सोडलेला तो खरखरीत कवचाचा सकर मासा जाळ्यात यायला लागलाय, तो ना खायचा ना विकायचा, वर जाळी फाडतो. डासांसाठी गप्पी तर आपली नगरपालिकाच सोडते. त्यामुळे लेकाच्या टाकीच्या हौसेला नाय म्हणा हे बासमॅनचं बरोबर आहे, सगळी भानगड टाकीतनं आणि बादलीतनंच सुरू होते.

क्लीवलंडची_काकू

निवटीप्रेमी, रेसिपी उतरवून घेतली पण इथं लगेच करू नका मंडळी, थोडं थांबा. 🙂

खाण्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा. हा तळाला बसणारा मासा, एका जागी फार फिरत नाही, शिंपल्या खातो, आणि शिंपल्या म्हणजे गाळणी. त्यामुळे बंदराच्या गाळात जे पीसीबी (कारखान्यांतली विषारी रसायनं) वगैरे जुनं पाप साठलंय ते याच्या अंगात उतरतं. हॅमिल्टन हार्बरसारख्या ठिकाणचा तर मी मांजरालाही घालणार नाही. ऑन्टारियो सरकारचं मासे खाण्याबद्दलचं मार्गदर्शक ऑनलाइन आहे, त्यात ठिकाणानुसार, जातीनुसार आणि लांबीनुसार महिन्याला किती वेळा खाल्लं तर चालेल ते देतात, लहान मुलांचे आणि गरोदर बायकांचे आकडे वेगळे असतात, ते आधी बघा. आणि किनाऱ्यावर मेलेला, किंवा पाण्यात गिरक्या घेत लुळा पडलेला मासा, कुठलाही असो, अजिबात उचलायचा नाही, बॉट्युलिझमचं वर लिहिलंच आहे. बाल्टिकमध्ये लॅटव्हियाचे कोळी आता गोबी व्यवस्थित पकडून विकतात, इथंही कधीमधी टूम निघते की खाऊन संपवू या. मला त्याची धास्तीच वाटते, कारण एकदा का बाजार उभा राहिला की मग तो मासा कमी झालेला कुणालाच परवडत नाही.

@सरळसोट, तुमच्या रागाशी मी सहमत आहे बरं का. जहाजांचे नियम उशिरा आले आणि पाइप साफ करायचे पैसे मात्र पाणीपट्टीतून जातात, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून.

सरळसोट

बादलीचा मुद्दा पटला. पुतळ्याचं वाचून हसलो. बाकी जहाज कंपन्यांकडून पाणीपट्टी वसूल करा या मागणीवर ठाम.

लेकशोअरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. लेकाला पोट उलटं करून वाटी बघायची असते हे सांगितलं तर रडणं विसरून आता त्याला कधी एकदा लागतोय असं झालंय. टाकी कॅन्सल. दांडी घेतली. आजींना मार्गदर्शकाचं सांगून बघतो, पण त्या ऐकतील असं काही वाटत नाही, चाळीस वर्षं खातेय म्हणतात.

एकच शेवटचं, सरळसोट म्हणाले तसं तळाला गळ न टाकता पर्च मिळतात का? बायको म्हणतेय दोन महिने झाले रवा डब्यात पडून आहे.

बासमॅन_विंडसर

मिळतात की. गोबीला हवेची पिशवीच नसते, माशाला पाण्यात तरंगत ठेवते ना ती. त्यामुळे तो तळ सोडून फार वर राहू शकत नाही, उडी मारल्यासारखा उठतो आणि खाली बसतो. तेव्हा शिसं तळाला सोडायचं बंद कर, फ्लोट लाव आणि गळ तळापासून दोन-तीन फूट वर लटकत राहील अशी दोरी सेट कर. आधी नुसतं शिसं सोडून खोली मोज, मग त्या हिशोबानं फ्लोट सरकव. गळ छोटा घे, गांडुळाचा लांब शेपटा लोंबता ठेवू नकोस, अर्धा इंच पुरे. भिंतीच्या दगडांना चिकटून टाकू नकोस, तिथं गोबीची वस्ती असते, थोडं बाहेर टाक. आणि दहा मिनिटांत काही नाही लागलं तर जागा बदल, पर्च थव्यानं फिरतात, एक लागला की पाठोपाठ लागतात.

घशात गेलेला गळ काढायला लांब नाकाची पक्कड घे, डॉलर स्टोअरमध्येही मिळते. आणि निघताना बादलीतलं पाणी तिथंच जमिनीवर ओत, उरलेली गांडुळं मातीसकट कचऱ्यात, पाण्यात किंवा झाडीत नाही. तीही बाहेरचीच आहेत, पण त्याचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

निवटीप्रेमी

गांडुळांच्या धाग्याची वाट बघतोय. तोवर या धाग्याची वाचनखूण साठवतो.